अंगठ्याशिवायचा करार

नांदूरघाटच्या बाजारात हरिबा देवकत्याला मेंढरू विकायचं म्हणजे दलालांनाही घाम फुटायचा. विकणारा हसून बोलला, की हरिबाला वाटे जनावरात खोट आहे. तो गप्प राहिला, तर वाटे नक्कीच काहीतरी लपवतोय. हरिबा दात बघी, पोटाखालून हात फिरवी, तोंडाचा वास घेई, आणि एवढं सगळं करून बहुतेक वेळा तसाच घरी परते.

साठी उलटलेला, काटकुळा, डोळे बारीक करून बघायची सवय असलेला माणूस. सरकारी डॉक्टर लस टोचायला आला, तर हरिबा आधी एकच म्हातारी मेंढी पुढे करी. ती चार दिवस धड राहिली, की मग बाकीची. फोनवर अनोळखी आवाज आला, की हा काही न बोलता नुसता ऐके. समोरच्याने कंटाळून फोन ठेवला, की बायकोला म्हणे, "बगितलंस? चोरच व्हता."

बायको सत्यभामा त्याच्यासोबत चाळीस वर्षं काढलेली. ती म्हणे, "माझ्या हातच्या भाकरीचा बी वास घिऊन खातुया. मी कावून अजून हितं हाय, मलाच कळंना."

अशा माणसाला राधाकिशन नानांनी हेरगिरीला निवडावं, यात नवल काहीच नव्हतं.

नाना म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. विहीर-बागायत, दोन वेळा सरपंच, आता पंचायत समितीत ऊठबस. उन्हाळ्यात हरिबाची मेंढरं नानांच्याच रानात बसायची. लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी मिळायची. ही रीत हरिबाच्या बापापासूनची. त्यामुळे नानांनी गोठ्यावर बोलावलं, तेव्हा हरिबा लगेच गेला, पण चहाच्या कपात आधी डोकावूनच.

"हरिबा, ती सुंदरबाई हाय ना, ओढ्याकडची," नाना म्हणाले. "तिच्या पत्र्याच्या खोलीत दर रविवारी लोक जमतेत. अंबाजोगाईकडच्या घाटनांदूरहून एकजण येतुया, विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरायचं दुकान हाय म्हनं त्याचं. येशूचं सांगतुया."

"ऐकून हाय."

"तू जाऊन बस. किती लोक येतेत, काय सांगतेत, कायबाय वाटतेत का, समदं बग. तुझ्या नजरंतून काय सुटत न्हाई."

हरिबाने डोळे बारीक केले. नानांकडे माणसांची काय कमी? हाताखाली दहा पोरं फिरणारी. आणि सांगताना नाना आपल्याकडे न बघता गव्हाणीकडे का बघत होते? पण रानाचा प्रश्न होता. तो "बगतो" म्हणाला.

रविवारी सकाळी काठी घेऊन हरिबा सुंदरबाईच्या दारात उभा राहिला, तशी आतली कुजबुज थांबली. पंधरा-वीस माणसं, जास्त बाया. त्या सगळ्यांना हरिबा कोणाच्या रानात मेंढरं बसवतो हे ठाऊक होतं. सुंदरबाई, अंगणवाडीत खिचडी शिजवणारी विधवा, हात पुसत पुढे आली. तिने "या" म्हटलं, पण दारातून बाजूला व्हायला वेळ घेतला. कोणीतरी हळूच फोन खिशात टाकला. एका म्हाताऱ्याने आपल्या सुनेला नजरेनेच मागे बसायला सांगितलं. हरिबाला हे सगळं दिसलं, आणि त्याला बरंच वाटलं. ही माणसं आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत म्हणजे अगदीच खुळी नाहीत. तो दाराजवळ, पळायला सोपं जाईल असा बसला. चहा आला, त्याने नको म्हटलं.

मोटारी भरणारा पंडित चाळिशीचा होता. बोटांवर वार्निशचे डाग, आवाज साधा. लोक त्याला पाळक म्हणत. हरिबा मनात म्हणाला, पाळक म्हणे. मेंढरू एक नाही आणि पाळक.

आणि मग पंडितने तो शब्द उच्चारला. "आज आपण नव्या कराराविषयी बोलू."

हरिबाची पाठ ताठ झाली. करार! डोंगरावर पवनचक्क्या आल्या तेव्हा गाडीतून उतरलेली माणसं हाच शब्द बोलत होती. ऊसतोडीचा मुकादम हाच शब्द बोलतो. जिथे करार, तिथे शाईची डबी आणि अंगठा. त्याची नजर खोलीभर फिरली. कागद कुठे आहेत? पिशवीत? सतरंजीखाली? पंडितजवळ एक जुनं जाड पुस्तक आणि पाण्याचा तांब्या, एवढंच होतं.

पंडित सांगत होता. फार मागे गुलामीत पडलेल्या लोकांना देवाने दुसऱ्यांच्या मुलखातून सोडवून आणलं, आणि डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्याशी करार केला. मी तुमचा देव, तुम्ही माझे लोक. आज्ञा दगडावर कोरून दिल्या. बैल कापले, त्यांचं रक्त अर्धं वेदीवर आणि अर्धं लोकांवर शिंपडलं. लोक एका आवाजात म्हणाले, तू सांगशील ते सगळं पाळू. आणि डोंगरावरून त्या दगडी पाट्या खाली यायच्या आत त्यांनी सोन्याचं वासरू घडवून तो करार मोडलाही.

"मंग?" हरिबाच्या तोंडून निसटलं. सगळ्यांनी वळून बघितलं.

"मग काय, मामा. पिढ्यान् पिढ्या तेच. लोक मोडायचे, पस्तावायचे, बोकड-मेंढरं कापायचे, परत मोडायचे."

"अन् देवानं काय केलं? करार मोडला तर धनी सोडतो व्हय?"

"सोडलं नाही. शिक्षा झाली, मुलूख गेला, देऊळ पडलं. पण नेमकं त्या पडझडीच्या दिवसांत देवाने एका संदेष्ट्याच्या तोंडून सांगितलं, की मी नवा करार करणार. पहिल्यासारखा नाही. या वेळी आज्ञा दगडावर नाही, माणसाच्या काळजात लिहीन. लहानापासून थोरापर्यंत सगळे मला ओळखतील. आणि त्यांचा गुन्हा माफ करीन, त्यांचं पाप परत मनात आणणार नाही."

हरिबाला हसू आलं. सौदा मोडणाऱ्याशी पुन्हा सौदा, आणि तोही आधीपेक्षा ढिला! बाजारात असं गिऱ्हाईक भेटलं, तर दलाल त्याचं धोतर सोडून घेतील. "यात दुसऱ्या बाजूनं काय द्यायचं?" त्याने विचारलं. "अंगठा कुटं लावायचा?"

"अंगठा नाही, मामा."

"अंगठ्याबिगर करार कसला?"

पंडितने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण हरिबाचं लक्ष उडालं होतं. कोपऱ्यात पदर नाकापर्यंत ओढून बसलेली एक बाई बाहेर जायला उठली होती. हरिबा माणसं तोंडावरून नव्हे, चालीवरून ओळखायचा. हजार मेंढरांत आपली लंगडी मेंढी ओळखणारा तो. ही बाई उजवा पाय टाकताना जराशी थांबायची. नानांच्या वाड्यावर ज्वारीचं पोतं मोजून घेताना त्याने ही चाल वर्षानुवर्षं बघितली होती.

ती छबुबाई होती. राधाकिशन नानांची बायको.

घरी येताना हरिबाच्या डोक्यात सगळं जुळून आलं. नानांना माणसं किती ते नको होतं. त्यांना एकाच माणसाचं कळायला हवं होतं, आणि तोंडाने विचारायची लाज वाटत होती.

संध्याकाळी तो गोठ्यावर गेला. "पंधरा-वीस जण येतेत," त्याने सांगितलं. "वाटत काय न्हाईत. चहा देतेत, तो बी बिनसाखरेचा दिसला."

"कोण कोण?"

"बाया. पदर घेतलेल्या. मला तोंडं दिसली न्हाईत."

तोंडं दिसली नाहीत हे खरं होतं. नानांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने नानांकडे. दोघांनाही वाटलं, समोरचा अर्धंच बोलतोय.

मंगळवारी दुपारी हरिबा ओढ्याच्या काठाला बाभळीखाली मेंढरं बसवून बसला होता. छबुबाई एकटीच बांधावरून आली. डोक्यावर शेणाची पाटी, पण पाटी रिकामी.

"हरिबा, त्यांनी तुला पाठवलंय, व्हय ना?"

हरिबाने काठीने एक मेंढरू मागे वळवलं.

"सांगितलंस का?"

"न्हाई."

"सांगणार हायस?"

"आजून ठरवलं न्हाई, वयनी."

"शपथ घे, सांगणार न्हाई म्हणून."

"घेतो. पर माझ्या शपथंवर तुमी इश्वास ठिवाल का?"

ती खाली बसली. मग तिने अंजूचं सांगितलं. अंजू तिची धाकटी. पुण्याला नोकरीला गेली आणि दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, हे गावाला ठाऊक होतं. नानांनी घरात सांगितलं, ती आपल्याला मेली. तेही गावाला ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक नव्हतं.

"दोन वर्सांपूर्वी आलती," छबुबाई म्हणाली. "चैताचं ऊन. हे केजला गेलते. कडंवर तान्हं लेकरू. अंगणात हुबी राहिली अन् आई, आई करायला लागली. मी आतून कडी लावली, हरिबा. दाराला पाठ लावून बसले. ती म्हनली, मला नको घिऊ, लेकराला पाणी तर दे. मी तोंडात पदर कोंबला. मंग तिची चप्पल वाजत वाजत गेली."

हरिबाने मेंढरांवरची नजर काढली नाही.

"यांनी सांगितलं व्हतं म्हणून लावली, असं मी लोकांला सांगीन. पर हे तर घरात नव्हते. कडी माझ्या हातानं लागली. देवीला बोकड दिला, उपास केले. ते पाणी मागणं कानातून जाईना. तितं त्यो पंडित म्हनला, का देव त्ये परत मनात आणणार न्हाई. मला तेवढंच ऐकायला जायचं असतंय. बाकी मला काय कळत न्हाई."

ती उठली, रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. हरिबाला वाटलं, ही आपल्याला विरघळवायला आली होती काय? त्याने तो विचार उलटून पालटून बघितला. पण त्यात दात किंवा पोट तपासण्यासारखं काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. नानांनी सांगितलं म्हणून, असं त्याने सत्यभामेला सांगितलं. नानांनी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांचा भाकरीचा आणि प्याल्याचा विधी होता. सुंदरबाईने गव्हाच्या पोळीचा तुकडा ताटलीत ठेवला होता, आणि स्टीलच्या प्याल्यात द्राक्षाचा रस. पंडित म्हणाला, की मरणाच्या आधी येशू आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला, तेव्हा त्याने भाकर मोडली आणि प्याला पुढे केला. म्हणाला, हा माझ्या रक्तातला नवा करार.

रक्त म्हटल्यावर हरिबाने काठी पुढे सरकवली. "मास्तर, इचारू का? मी बोकड इकतो. नवसाचं, जत्रंचं. रक्त मला ठावं हाय. जो नवस फेडतो त्यो बोकड देतो. गुन्हा ज्याचा, बोकड त्याचा. हितं कोणी दिला?"

पंडितने प्याला खाली ठेवला.

"तोच सगळा मुद्दा आहे, मामा. गुन्हा आपला. आणि बोकड दिला त्याने, ज्याचा आपण गुन्हा केला. स्वतःलाच दिलं. म्हणून अंगठा नाही. तुमच्या-माझ्या अंगठ्यावर उभा असता, तर हाही करार आठ दिवसांत मोडला असता. आणि एकदाच दिला, म्हणून पुन्हा पुन्हा कापणं नाही."

"म्हंजी माझा धंदा बसला."

लोक हसले. पहिल्यांदाच. पंडितही हसला. पण हरिबाचं समाधान झालं नव्हतं. "अन् त्यो इसरतो म्हनता. जो इसरतो त्यो राखण कशी करंल? मी इसरलो तर सांजंला निम्मी मेंढरं रानातच राहतील."

"विसरतो असं नाही म्हटलेलं. परत मनात आणणार नाही, असं म्हटलंय. विसरणं म्हातारपणी आपोआप होतं. आणि मनात आणायचं नाही हे ठरवावं लागतं, आठवत असताना."

छबुबाई कोपऱ्यात होती. तिचे खांदे हलत होते. ताटली फिरत फिरत हरिबापाशी आली. त्याने हात जोडले आणि ती पुढे दिली. पोळीत काय मिसळलंय कोणाला ठाऊक, हेही त्याच्या मनात आलंच.

पण पंडितचं बोलणं त्याच्या मागे लागलं. हरिबाचा थोरला भाऊ बजरंग दोन घरं सोडून राहायचा. पंधरा वर्षांपूर्वी हरिबा तापाने पडला, तेव्हा बजरंगाने त्याची मेंढरं वळली होती. परत दिली तेव्हा तीन कोकरं कमी. बजरंग म्हणाला, लांडग्याने नेली. हरिबा उठता आल्याबरोबर त्या जागी गेला. ना रक्त, ना लोकर. तेव्हापासून त्याने भावाच्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. ती कोकरं कुठल्या रंगाची, कुणाच्या कानावर ठिपका, त्याला अजून तोंडपाठ होतं.

एके सकाळी तो बजरंगाच्या ओट्यावर जाऊन बसला. बजरंग गडबडला. भावजयीने पाणी आणलं. हरिबाने तांब्यात बघितलं, मग पाणी प्यायला. पावसावर बोलणं झालं, चाऱ्यावर झालं. कोकरांचा विषय जिभेच्या टोकाशी येऊन उभा होता. त्याने तो गिळला. घरी आल्यावर सत्यभामेने विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "पोट दुखतंय." आणि थोड्या वेळाने, "त्यानंच इकली व्हती गं. तोंडावरून कळतंय." पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाऊन बसला.

इकडे नानांचा धीर सुटत चालला होता. त्यांनी हरिबाला बोलावून घेतलं. दोन-चार कार्यकर्ते बसले होते. नाना म्हणाले, "हे बग, आपण पोलिसात अर्ज देतुया. तू साक्षीदार. तितं लोकांला धान्य देतेत, आजारपण बरं करतो म्हणून फसवतेत, असं तू बघितलंस."

"मी बघितलं न्हाई."

"अरे, बघितलं न्हाई तर म्हनायला काय जातंय तुझं?"

"नाना, मी माझ्या सख्ख्या भावावर इश्वास ठिवत न्हाई, त्या मास्तरवर काय ठिवणार? लबाडी सापडली असती तर पयला मीच बोंबललो असतो. शोधली. लई शोधली. न्हाई सापडली."

एक कार्यकर्ता उसळला, "फितला हा बे!"

नानांनी हात वर केला. "हरिबा, या उन्हाळ्याला मेंढरं दुसरीकडं बसव."

हरिबा उठला. दाराशी जाऊन थांबला. कार्यकर्त्यांकडे बघितलं आणि जवळ येऊन फक्त नानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "तुमी सोताच येऊन बसा एकदा. दुसऱ्याच्या डोळ्यानं बघायचं हे काम न्हाई."

नाना आले. पुढच्याच रविवारी त्यांची गाडी ओढ्यापलीकडे उभी राहिली. सुंदरबाईने दाराची कडी धरली. पंडितने ती सोडायला लावली. कोणी बाहेर गेलं नाही. नाना गाडीतून उतरले, दारापर्यंत आले, आणि तिथे चपलांच्या ढिगात त्यांना आपल्या बायकोची चप्पल दिसली. त्यांनीच अंबाजोगाईहून आणलेली. आत छबुबाई बोलत होती. तोंडावर पदर नव्हता. अंजूने बाळासाठी पाणी मागितल्याचं ती सगळ्यांसमोर सांगत होती.

दाराशी बसलेल्या हरिबाने नानांना बघितलं. नाना आत आले नाहीत, ओरडलेही नाहीत. ते भिंतीला हात लावून शेवटपर्यंत बाहेर उभे राहिले. मग छबुबाई बाहेर आली, दोघं गाडीत बसली आणि गाडी गेली. अर्ज पुढे गेला नाही. का गेला नाही, ते कार्यकर्त्यांनाही कळलं नाही.

महिनाभराने नाना बांधावर एकटेच भेटले. हरिबाची मेंढरं आता नांदूरघाटच्या एका शेतकऱ्याच्या मुरमाड रानात बसत होती. चारा कमी, चालणं जास्त.

"तुला कवा कळलं?" नानांनी विचारलं.

"पयल्याच रविवारी."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"वयनीचं नाव घिऊन तुमी इचारलं न्हाई. तुमी इचारलं, लोक किती, कोण कोण."

नाना बाजूला बघत म्हणाले, "ती रोज सांगती. त्यो करार म्हनं, मोडणाऱ्यासाठीच हाय. मोडणाऱ्याला काय शिक्षा न्हाई का त्यात?"

"हाय. पर ती मोडणाऱ्यानं भोगायची न्हाई, असं म्हनतेत. मला बी पटलं न्हाई."

"मला बी न्हाई," नाना म्हणाले, आणि गेले. रान परत देण्याचं त्यांनी काही काढलं नाही, हरिबानेही विचारलं नाही.

हरिबा ख्रिस्ती झाला नाही. खंडोबाला जातो. मधून मधून रविवारी सुंदरबाईकडे दाराशी बसतो, हल्ली चहाही घेतो. ताटली मात्र पुढे देतो. पंडितला तो काही ना काही अडचणीचं विचारतो, आणि पंडितही आता हरिबा आल्याशिवाय सुरुवात करत नाही. बजरंगाकडे जाणं चालू आहे. तीन कोकरं काही त्याच्या डोक्यातून गेलेली नाहीत. फक्त बोलून दाखवत नाही.

दिवाळीनंतर छबुबाई पुण्याला अंजूकडे गेली. नानांनीच तिला गाडीतून मांजरसुंब्याला सोडलं, पुण्याच्या गाडीत बसवलं. स्वतः गेले नाहीत. खिडकीतून सीताफळांची एक पिशवी आत दिली आणि "लेकराला" एवढंच म्हणाले. हे सगळं छबुबाईने परत आल्यावर सत्यभामेला सांगितलं, आणि सत्यभामेने भाकरी थापता थापता हरिबाला.

हरिबाने ऐकून घेतलं. डोळे बारीक केले.

"पिशवी त्यांनीच दिली, का हिनंच घरून भरून न्हेली अन् त्यांचं नाव सांगितलं?"

सत्यभामेने तव्यावरची भाकरी उलटली. "हिनं भरली आसंल तरी काय बिघडलं? त्या लेकरानं खाल्ली ना."

हरिबाने ताटातली भाकरी उचलली, वास न घेता मोडली आणि म्हणाला, "तरी बी त्यांला एकदा इचारून बगतो."

"बगा," सत्यभामा म्हणाली.